वीस वजा आठ अधिक पाच

मी शिकवते त्या शाळेच्या मोठ्या बाई, मुख्याध्यापिका, म्हणजे माझी सख्खी आत्या. घरात मी तिला अगं-तुगं करते, तिच्या ताटातलं उचलून खाते, पण शाळेच्या फाटकातून आत शिरलं की ‘अहो मोठ्या बाई’. तीही काही कमी नाही. मी उशिरा आले तर भाचीबिची विसरून सगळ्यांसमोर घड्याळ दाखवते.

चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर तिने स्वतःच्या हाताने एक शब्द रंगवलाय. कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मोठ्या गणितात कशाच्या आधी काय करायचं, त्याचा हा मंत्र. फक्त त्यात एक मेख आहे. बेरीज आणि वजाबाकी यांच्यात थोरली-धाकटी असं काही नाही, डावीकडून जी आधी येईल ती आधी करायची. पण शब्दात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून आत्याने बेरजेला कायमचं थोरलेपण देऊन टाकलं होतं. तिसरीपासून ती पोरांकडून तसंच घोकून घ्यायची. यंदा चौथी पहिल्यांदा माझ्याकडे आली. हे निस्तरायचं मी मनात धरलं होतं, पण धडा अजून तिथवर पोचला नव्हता.

त्याआधीच मोठ्या बाई तोंडी गणितं घ्यायला आल्या. फळ्यावर लिहिलं, २० − ८ + ५. वर्ग एका सुरात म्हणाला, सात. आठ आणि पाच तेरा, विसातून तेरा गेले, राहिले सात. एकटी भिंगरी म्हणाली, “सतरा.”

भिंगरी हे वर्गाने ठेवलेलं नाव. एका जागी बसेल तर शपथ. तोंडही तसंच, सदा चालू.

“सतरा कशावरून?” आत्याने विचारलं.

“बाई, बसमध्ये वीस माणसं होती. आठ उतरली. मग पाच चढली. तुम्ही तर चढणाऱ्यांनाही उतरवून टाकताय.”

वर्ग खिदळला. मलाही हसू आलं, कौतुकाने. आत्या हसली नाही.

“वर काय लिहिलंय ते वाच. बेरीज आधी की वजाबाकी?”

“बेरीज. पण बाई, बसमध्ये...”

“भिंतीपेक्षा तू शहाणी का?”

“मोठ्या बाई, तिचं जरा ऐकून...” मी म्हणाले. आत्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला. मग भिंगरीला फळ्यापाशी उभं केलं आणि वर्गाला मंत्र म्हणायला लावला. पोरांना काय, फुकटचा तमाशा. ती बाकं बडवत म्हणत राहिली आणि भिंगरीचे कान लाल होत गेले. शेवटी ती म्हणाली, “सात.” आत्याने तिच्या पाठीवर हात फिरवला. “शाब्बास.” मला ती शाब्बासकी जास्त झोंबली. कानाखाली मारली असती तर निदान मुलीला कळलं असतं की आपल्यावर अन्याय झालाय.

मधल्या सुट्टीत मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. “तिचं बरोबर आहे. तुझं चुकलंय.”

“शाळेत अहो म्हण.”

“अहो, तुमचं चुकलंय.”

“नियम तो नियम. पोरं आपापल्या मनाने गणितं सोडवायला लागली तर शाळा हवीच कशाला?” तिने चष्मा पुसला आणि समोरचे कागद ओढले. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, ही आमच्या घराण्याची रीत, मला ती चांगली ठाऊक आहे.

त्यानंतर भिंगरी जागेवर बसायला लागली. इतर बाई म्हणाल्या, चला, पोरगी सुधारली. मला मात्र वेगळंच दिसत होतं. मी प्रश्न विचारला की ती आधी शेजारणीचे ओठ बघायची. स्वतःचं उत्तर लिहायची, खोडायची, मग पुढच्या बाकावरचं बघून तेच उतरवायची, ते धडधडीत चुकलेलं असलं तरी. मी वर्गाला डावीकडून करायचं शिकवलं, बटणं मांडून दाखवलं. तिने मान डोलावली आणि भिंतीकडे पाहिलं. एका गणिताचं काय एवढं, आज चुकलं तर उद्या येईल. पण स्वतःच्या डोक्यावरचा तिचा विश्वास उडाला, तर तो मी कुठून आणून देणार होते? आणि हे मोठ्या बाईंनी केलेलं, ते मी कितीही बोलले तरी पुसलं जाणार नव्हतं. ते त्यांनीच पुसायला हवं होतं.

रविवारी मी आत्याच्या घरी गेले. ती परकराला नाडी घालत बसली होती. मी तिचा शिवणाचा डबा तिच्यासमोर उपडा केला.

“वीस बटणं मोज.”

“तुला काही कामधंदा नाही का गं?”

“मोज म्हणते ना.”

तिने मोजली. मी म्हटलं, आठ काढ. तिने काढली. पाच टाक. तिने टाकली, आणि तिची बोटं थांबली. मग तिने ती सगळी पुन्हा मोजली, एकेक बाजूला सरकवत, ओठ हलवत. सतराच भरली.

“म्हणजे मी त्या लेकराला...” ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरला. तिला रडताना मी माझे वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. “उद्या मी वर्गात येते. सगळ्यांसमोर केलंय, सगळ्यांसमोरच सांगते.” खोटं कशाला बोलू, मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

सोमवारी ती आली. वर्ग उठून उभा राहिला, तिने बसायला सांगितलं. “त्या दिवशी भिंगरी म्हणाली ते बरोबर होतं. मी चुकले. मी तिला उगाच उभं केलं.” इतक्या मोठ्या बाईने असं म्हणावं, माझा ऊर भरून आला. मग तिने फळ्यावर नवं गणित लिहिलं, १५ − ६ + ४, आणि प्रेमाने हाक मारली, “ये बाळा. तू सांग.”

भिंगरी पुढे आली. वर्गाकडे तोंड करून, हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. मी फळ्याला टेकून होते, मला तिचे हात दिसत होते. नवाच्या पुढे ती बोटं मोजत होती. दहा, अकरा, बारा, तेरा. चार बोटं, बरोबर चार, तिथेच थांबली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग तिने मान वर करून आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. पाठीमागची मूठ हळूच मिटली.

“किती म्हणू, बाई?”

“तुला किती येतंय ते सांग बाळा.”

“तुम्ही सांगा ना,” ती म्हणाली. “तेवढं म्हणते.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.