दहापैकी शून्य

धाकट्याला सगळी गल्ली धाकटाच म्हणायची. वय पंचेचाळीस, मिशीत पांढरं डोकावतंय, दोन मुली कॉलेजात, तरी धाकटा तो धाकटाच. डोक्यावरचे केस जातात, चिकटलेलं नाव जात नाही, हे धंद्यामुळे त्याला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. सलून वडिलांच्या वेळचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि बाकाच्या वर छताला लागून टीव्ही.

आता तुम्ही म्हणाल, टीव्ही मागच्या भिंतीवर कशाला? तर प्लग त्याच भिंतीला होता म्हणून. वायरमनने पुढे वायर ओढून द्यायला नकार दिला नव्हता, फक्त उद्या येतो म्हणाला होता, आणि त्या उद्याला अकरा वर्षं होऊन गेली. पण कोणाचं काही अडलं नाही. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशात बघायचं, त्याच्या मागे उभा राहून धाकटा आरशात बघायचा, बाकावरची मंडळीही माना वर करून अवघडण्यापेक्षा आरशातच बघायची. बातम्या देणारी बाई डावखुरी आहे अशी निम्म्या गल्लीची पक्की समजूत होती.

संध्याकाळी सहाला सामान्यज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. निवेदक एक विधान वाचायचा आणि समोरच्या माणसाने ते खरं की खोटं, हे तीन सेकंदांत बटण दाबून सांगायचं. खऱ्याला हिरवा चौकोन, खोट्याला तांबडा. त्या वेळी धाकट्याच्या एका हातात वस्तरा आणि दुसऱ्यात कंगवा असायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस असायचा, म्हणजे बोलायची सोय दोघांनाही नाही. त्यातून दुकानाची एक रीतच पडून गेली होती. आरशात हिरवा चौकोन उजव्या हाताला दिसायचा, तांबडा डाव्या. म्हणून विधान खरं असेल तर धाकटा गिऱ्हाइकाच्या उजव्या खांद्यावर कंगव्याने टकटक करायचा, खोटं असेल तर डाव्या. बाकावरचे लोक मोजायचे. दहात दहा हा रोजचाच हिशेब. काही माणसं तर डोक्यावर चार केस नसतानाही सहाच्या सुमाराला खुर्चीत येऊन बसायची, केवळ खांद्यावर ज्ञान टेकवून घ्यायला.

हे सगळं त्याने कुठून मिळवलं? अकरा वर्षं तो कार्यक्रम, आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयातले जाडजूड ग्रंथ. शाळा नववीतच सुटली होती. सुटली म्हणजे काय, सोडवली गेली. वडिलांचा हात थरथरायला लागला आणि वस्तरा धरणाऱ्याचा हात थरथरला की संपलंच. दोघांपैकी एका मुलाला शाळा सोडून खुर्चीमागे उभं राहावं लागणार होतं. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा पंधराचा. वडिलांनी थोरल्याला विचारलं, आणि थोरला म्हणाला, धाकट्याला घ्या बाबा, तो तसाही ढ आहे. धाकटा दाराआड उभा होता. त्याने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने एप्रन बांधला.

थोरला शिकला, गणिताचा मास्तर झाला. भावाभावांत भांडण म्हणाल तर तसंही नव्हतं. दर आठवड्याला थोरला घरी यायचा, चहा घ्यायचा, मुलींची गणितं तपासायचा. फक्त सलूनची पायरी चढायचा नाही. केस कापून घ्यायला तीन गल्ल्या सोडून जायचा आणि तिथला कारागीर त्याच्या मानेवर दर वेळी पायऱ्या करून ठेवायचा, ते बघून धाकट्याचे हात शिवशिवायचे. धाकट्याने काही नवं सांगितलं, की थोरला चष्म्यावरून बघत म्हणायचा, ऐकीव माहितीला ज्ञान म्हणत नाहीत. झालं, तेवढ्यावर धाकटा चहाचे कप उचलायला लागायचा. त्याला ना नाव हवं होतं ना बक्षीस. तीस वर्षांपूर्वी दाराआड ऐकलेला तो एक शब्द दादाने परत घ्यावा, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मागायचं कसं हे मात्र कुठल्याच ग्रंथात सापडत नव्हतं.

हे सगळं त्याच्या बायकोला बरोबर कळत होतं. बाई शिवणकाम करायची, मापात चुकायची नाही. त्या कार्यक्रमात भाग घ्यायचा अर्ज तिनेच भरला, आणि सोबत कोण येणार या रकान्यात स्वतःचं नाव न घालता दिराचं घातलं. धाकट्याला हे कळलं तेव्हा बोलावणं येऊन पडलं होतं. तो चिडला, म्हणाला, फजिती झाली तर त्याच्यासमोर होईल. ती सुईत दोरा ओवत म्हणाली की फजिती झाली तर झाली, पण जिंकलास तर तेही त्याच्यासमोरच होऊ दे.

स्टुडिओत त्याला एका उंच टेबलामागे उभं केलं. डोळ्यांवर हा असा प्रखर उजेड. कानाला माइक लावलेली एक मुलगी भराभर सांगून गेली, की टेबलाच्या कडेखाली दोन बटणं आहेत, डाव्या हाताखाली खरं, उजव्या हाताखाली खोटं, खाली वाकून बघायचं नाही, फेरी संपेपर्यंत बोलायचं नाही. नवा फोन घेताना दुकानदारासमोर आपण जशी मान हलवतो, तशी धाकट्याने हलवली. समोर पहिल्या रांगेत सोबत्याच्या खुर्चीत थोरला बसला होता, खिशाला पेन, मांडीवर कागद. तपासायचं काही नसलं तरी मास्तराला कागद लागतोच. दहा विधानं होती आणि निम्मी बरोबर आली तर पुढची फेरी.

निवेदकाने पहिलं विधान वाचलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. धाकट्याला मनातल्या मनात हसूच आलं. हे तर त्याने गल्लीतल्या पोस्टमनच्या खांद्यावर कधीच टेकवलं होतं. खरं. हात सटकन पडला. भोंगा वाजला आणि फलकावर आलं, चूक.

त्याला वाटलं, घाई झाली. दुसरं विधान होतं, वटवाघळं आंधळी असतात. साफ खोटं. हात पडला, भोंगा वाजला, चूक. तिसरं, ध्रुवीय अस्वलाच्या केसांखालची कातडी काळी असते. खरंच असते, केसांखालच्या कातडीचं त्याला कोण शिकवणार? चूक. मनात खरं, फलकावर दाखवलेलं बरोबर उत्तरही खरं, आणि तरी याचं चूक? अहो, अकरा वर्षं ज्या हाताने उजवा खांदा म्हणजे खरं हेच गिरवलं, तो हात ऐन वेळी माइकवालीचं ऐकणार होता होय? पण धाकट्याला हे सुचायला डोकं थंड हवं आणि ते तर तव्यासारखं तापलेलं. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणून लोक हसणार. तो दाबत राहिला. जिराफ गेला, शहामृग गेला, कोळी गेला. प्रत्येक भोंग्याला तो चोरून दादाकडे बघायचा आणि दादा मान खाली घालून कागदावर फुली मारत असायचा.

दहावं विधान होतं, माणूस मेल्यावरही त्याचे केस काही दिवस वाढत राहतात. साफ खोटं. त्याचा डावा हात आपसूक पडला आणि शेवटचा भोंगा वाजला. निवेदक चांगला माणूस असावा, त्यालाही वाईट वाटलं. पण त्याने सांगायचं ते सांगितलंच, की या कार्यक्रमात दहापैकी शून्य आजवर कोणाला मिळालं नव्हतं. ज्याचं पोट केसांवर त्याला केसांचंही सांगता येऊ नये, असं मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. त्याला हसणाऱ्यांचं काही नव्हतं. गिऱ्हाईक हसतं आणि विसरतं. पण आता तो शब्द जन्मभर परत येणार नाही, उलट दादाच्या हातात कागदावर लेखी आला, हे त्याला कळलं आणि त्याचे डोळे भरले.

तेवढ्यात थोरला उभा राहिला. वर्गात आवाज वाढला की उभा राहत असेल, तसाच.

"एक मिनिट. या गुणांवर माझी हरकत आहे," तो म्हणाला. निवेदक सांगायला लागला की सोबत्याला मधे बोलता येत नाही. थोरल्याने हाताने त्याला खाली बस अशी खूण केली, आणि गंमत म्हणजे निवेदक उभा होता तो जवळजवळ बसलाच.

"ज्याला काहीच येत नाही, त्याने डोळे मिटून बटणं दाबली तरी दहातली पाचेक बरोबर येतात. नाणं उडवून दाबली तरी येतात. दहाच्या दहा चुकवायची, तर दहाच्या दहा यावी लागतात." मग तो भावाकडे वळला. "धाकट्या, हा कार्यक्रम तू कुठे बसून बघतोस?"

"बसतोय कुठला, दादा," धाकटा म्हणाला. "उभ्यानेच. आरशात."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका आजींना कळलं, त्यांनी शेजारणीला कोपर मारलं, आणि मग जो हशा उसळला तो मघाचा नव्हता. कॅमेरा धरणारा माणूस हसून हसून हलत होता. धाकट्याने आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि दुसऱ्या कोणाचे असावेत तसे बघितले. अकरा वर्षांत हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणणाऱ्या कोणीही त्याला सावध केलं नव्हतं.

निकाल काही बदलायचा नाही, नियम म्हणजे नियम, फेरी गेली ती गेलीच. पण वरून कोणीतरी निवेदकाच्या कानात बोललं आणि तो म्हणाला, की जिंकण्या-हरण्याचा प्रश्न संपलाय, पण आम्हा सगळ्यांना आता बघायचंच आहे. नवी दहा विधानं आली. धाकट्याने हातांची कैची करून डावा हात उजव्या बटणावर आणि उजवा डाव्या बटणावर ठेवला. मग काय विचारता. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं, खरं. गोगलगायीला दात नसतात, खोटं. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो, खरं. विधान तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत हात पडत होता. सहाव्यापासून लोक मोठ्याने आकडे मोजायला लागले आणि दहाव्याला सगळे उभे राहिले. मघा केसांवरून बोललेला माणूस सगळ्यांत आधी उठला. धाकटा इतका हसत होता की त्याच्या मिशीवरून पाणी गळत होतं, आणि ते कधी सुरू झालं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

निवेदकाने थोरल्याला वर बोलावलं आणि भावाबद्दल दोन शब्द सांगायला लावले. थोरला टेबलाशी आला. फुल्यांचा कागद त्याच्या हातात चुरगळून गेला होता.

"दोन शब्द नाही, मीही एक विधानच सांगतो," तो म्हणाला, आणि मग लोकांकडे पाठ करून फक्त भावाकडे बघत बोलला. "तीस वर्षांपूर्वी मी बाबांना सांगितलं होतं, की धाकटा ढ आहे. खरं की खोटं?"

धाकट्याला आत्ता कळलं. म्हणजे दाराआड कोण उभं होतं, हे दादाला इतकी वर्षं माहीत होतं. त्याचे हात कैचीत तसेच राहिले. उत्तर त्याला येत होतं, पण हे बटण त्याने स्वतः दाबायचं नव्हतं. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले. तेव्हा थोरल्याने हात लांब केला आणि भावाच्या हाताखालचं उजवं बटण स्वतः दाबलं.

"खोटं," तो म्हणाला. "मला शिकायचं होतं म्हणून बोललो. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या आरशात तोंड बघायची हिंमत नव्हती रे माझी."

यंत्राजवळ बसलेल्या माणसाला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने फलक उजळवला, बरोबर. धाकट्याने एप्रन नव्हता तरी सवयीने कमरेला हात पुसले आणि दादाचा खांदा धरला.

"दादा, इथे उत्तर तीन सेकंदांत द्यायचं असतं. तुला तीस वर्षं लागली," तो म्हणाला. मग निवेदकाकडे वळून त्याने सांगितलं, "पण धरा. बरोबर धरा."