दार नसलेलं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. पितळी, तळहातावर मावेल एवढा, आणि जरा खोडीचा. किल्ली घालून नुसती फिरवली तर मी ढिम्म हलत नाही. आधी ती किंचित वर उचलायची, मग फिरवायची. ही खोड मला जन्मापासूनचीच.

दुकानातून मला माझ्या मालकिणीने निवडलं, तेव्हा ती नवी नवरी होती. दोन खोल्यांच्या घराचं दार मला मिळालं. माझी खोड फक्त तिलाच कळायची. तिचा नवरा कामावरून आला की किल्लीशी झटापट करून थकायचा आणि जिन्यातूनच हाक मारायचा, "अगं ये बाई, तुझ्या लाडक्याची समजूत काढ."

कुलपाचं सुख घट्ट बंद राहण्यात असतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. घरची माणसं परतली की ती मला उघडून बाहेरच्या कडीत अडकवून ठेवायची. आत भांडी वाजायची, दोघांचं बोलणं चालायचं, मी बाहेर उघडाच लटकलेला असायचो. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

नवरा आजारपणात गेला. मग घरमालकाने इमारत विकली. नव्या मालकाच्या माणसाने दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि मला तिच्या हातात ठेवलं. "मावशी, हे तुमचं," तो म्हणाला. उभ्या संसारातून तिचं म्हणून एवढंच परत मिळालं, मी आणि एक पत्र्याची पेटी.

चार महिने भावाकडे काढले. पाचव्या महिन्यात वहिनीने विचारलं, "पुढचं काय ठरवलंयत?" त्यानंतर पुलाखालचा कठडा आला. पेटीला साखळी, साखळी कठड्याला, आणि तिथे मी.

दवाखान्यात चादरी धुण्याचं तिचं जुनं काम तिने सोडलं नव्हतं. पण डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला साधं उठून जाणंही अवघड असतं. अंघोळीला स्वच्छतागृहात जायचं तर पेटीकडे कोण बघणार? कामावर जाताना ती नाइलाजाने सगळं माझ्यावर सोपवायची. झोपतानाही तिची मूठ माझ्यावर असायची. किल्ली गळ्यात, दोऱ्यात ओवलेली.

समोरच्या सोसायटीतल्या एक बाई एकदा थांबल्या. "एवढं काय घबाड आहे हो त्या पेटीत, कुलूप लावायला?"

"घर आहे माझं," ती म्हणाली. "तुम्ही नाही का लावत बाहेर पडताना?"

बाई ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी एक चांगली गोधडी देऊन गेल्या. पुलाखालची गर्दी हटवावी म्हणून सोसायटीने अर्ज केला, त्यावरही त्यांची सही होती. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांना ऊब द्यायची होती आणि खिडकीतून माझी मालकीण दिसायलाही नको होती.

पेटीत खरं घबाड होतंच. महिला निवासातल्या खोलीसाठी दीड वर्षाने तिचा नंबर लागला होता. सोमवारी पेटीतले मूळ कागद दाखवायचे होते. नाही दाखवले, तर खोली यादीतल्या पुढच्या बाईला जाणार.

शुक्रवारी ती कामावर असताना पालिकेची गाडी आली. गाठोडी, अंथरुणं सगळं कचऱ्यात गेलं. माझी साखळी कापली. मुकादमाने मला हिसका देऊन पाहिला. "याला कुलूप आहे. उद्या कोणी आलं तर आपल्या अंगाशी येईल. गोदामात टाका."

गोदामात मी ओल्या फरशीवर पडून राहिलो. ती शनिवारी सकाळी आली. रात्रभर झोपली नसावी.

गोदामाच्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. "पत्ता?"

"पत्ता असता तर पेटी इथे कशाला आली असती, दादा?"

"मग पेटी तुमचीच, कशावरून?"

तिने गळ्यातली किल्ली काढून दिली. त्याने ती माझ्यात घातली आणि फिरवली. मी हललो नाही. त्याने जोर लावला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आयुष्यभराची खोड अशी एका क्षणात कुठे सुटते?

"किल्ली लागत नाही बाई. पेटी दुसऱ्याची दिसतेय."

"तुम्ही नुसती फिरवताय," ती शांतपणे म्हणाली. "जरा उचलून घ्यावी लागते. द्या इकडे."

तिने मला हातात घेतलं. त्या बोटांना मी ओळखत होतो. तिने किल्ली उचलली, फिरवली, आणि मी उघडलो. इतक्या आनंदाने मी कधी दारावरही उघडलो नव्हतो.

कारकुनाने फॉर्म पुन्हा जवळ घेतला. मग पत्त्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'किल्ली जवळ आहे.'

सोमवारी कागद तपासून झाले. खोली महिनाअखेरीस रिकामी होईल. तोवर पेटी दिवसभर कारकुनाच्या टेबलाखाली असते, मुकाट्याने, कुठल्याही नियमात न बसता. ती दोन्ही हात मोकळे सोडून कामावर जाते. संध्याकाळी ती न्यायला आली की तो विचारतो, "कुलूप बदलत का नाही?"

"तेल घालते थोडं," ती म्हणते, "पण खोड राहू दे त्याची."

बाहेर पडताना तुम्ही कुलूप ओढून पाहता ना, नीट लागलंय की नाही? त्या क्षणी, वाटेत दिसलेली एखादी बंद पेटी आठवा. तिला लाथेने सरकवू नका. तिच्यात कुणाचं तरी घर आवरून ठेवलेलं असतं.

मी महिनाअखेरीची वाट बघतोय. मला पुन्हा एकदा कडीत उघडं लटकायचंय.