एकतीस किलोच्या डांगराची कबुली

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाशकात पाऊण शतक काढलेल्या माणसांनीही ती ऐकून मान हलवली आहे, तर बाकीच्यांची काय कथा! पण मखमलाबादच्या रस्त्याला, द्राक्षबागांच्या कडेला एक लहानसं चर्च आहे. जुनी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतात. त्याच्या घंटेची दोरी चाळीस वर्षं पुंजाबाबांच्या हातात होती आणि एका डांगरापायी ती सुटायची वेळ आली, एवढं तर सगळी आळी जाणते.

पुंजाबाबांचं वय शहात्तर, तोंडात दात तीन, आणि त्या तिघांच्या फटीतून दिवसाला सरासरी पाच थापा बाहेर पडत. देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला की आपली घंटा एकेका बाराला 'आमेन' म्हणते, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. गोदेला मोठा पूर आला तेव्हा एक म्हैस पोहत आली, मागच्या बाकाशी उभी राहिली आणि शेवटची प्रार्थना झाल्यावरच निघाली, हेही सांगत. कोणी हसलं तर म्हणत, "तुम्ही उपदेश चालू असताना उठता. ती नाय उठली." लोक हसले की बाबा खूश. आपल्यावर कोणी विश्वास ठेवावा, अशी त्यांची कधी अपेक्षाच नव्हती.

मग नोव्हेंबरात कापणीचा सण आला. ज्यानं जे पिकवलं त्यातलं पहिलं आणि बिनडागाचं ते देवापुढं आणायचं, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, असा तिथला रिवाज. शेपूची एकच जुडी तीन-तीनदा विकली जाते, कारण घेणारा ती पुन्हा देवालाच देऊन टाकतो. यंदा मात्र शेपूकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सेक्रेटरी रविराज, विमा कंपनीत नोकरीला असलेला, देखणा, चाळिशीचा माणूस. त्यानं हौसेनं घरामागं डांगराचा वेल लावला होता. लाल भोपळ्याला इकडं डांगर म्हणतात. त्यातलं एक फळ फुगत फुगत एवढं झालं की गणपतीपासून रोज सकाळी त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर यायचा. शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं, तर एकतीस किलो! शनिवारी दुपारी चार जणांनी ते उचलून वेदीमागच्या खोलीत टेबलावर नेऊन ठेवलं.

रविवारी सकाळी खोली उघडली, तर मेथी होती, द्राक्षं होती, कुसाबाईंची कोंबडीही पाय बांधून बसली होती. डांगर तेवढं नव्हतं.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक पुंजाबाबांकडं आणि एक रविराजकडं. आता आपलं डांगर आपणच कोण चोरतं? म्हणजे उरले बाबा. त्यात रविराज म्हणाला, "बोलू नये, पण शनिवारी दिवेलागणीला मी इकडून चाललो होतो. बाबा पाठीवर गोणी घेऊन देवळामागच्या आपल्या खोलीकडे जाताना दिसले."

"चिंचेचा पाला व्हता त्यात," बाबा म्हणाले.

मग कुसाबाई पुढं झाल्या. देवळात फुलं लावणारी, समोरच राहणारी बाई, मनात काही ठेवायची नाही. "पुंजाभाऊ, राग मानू नका. पण तुमच्या दारात सुपात डांगराच्या बिया वाळत घातल्यात. मी पाह्यल्या."

"त्या बाजारातल्या डांगराच्या हायेत. खारीसाठी. ती चिंचेवरून उतरून माझ्या हातातून बी घेती."

लोक सवयीनं हसले. मग एकेकाचं हसू आटत गेलं. हे मात्र खरं होतं, खार खरंच येत होती. पण चाळीस वर्षं म्हशी पोहत आणल्यावर खारीला कोण जागा देणार?

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा बसणार, असं ठरलं. चोरी शाबीत झाली तर दोरी जाणार आणि देवळामागची खोलीही जाणार. मग लासलगावला मुलीकडं जाणं आलं. मुलगी चांगली, जावई त्याहून चांगला, पण कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या त्या घरघराटात घंटा कुठली?

बाबांची झोप उडाली. त्यांना स्वतःचंच नवल वाटत होतं. इतकी वर्षं लोकांनी आपलं काही खरं मानलं नाही, तेव्हा एकदाही वाईट वाटलं नाही. आता पहिल्यांदा खरं बोललो, तर छातीत हा दगड कसला?

मंगळवारी पाळकसाहेब आले. नाव महेश, पहिलीच नेमणूक, वय तिशीच्या आत. प्रत्येक गोष्ट शास्त्राप्रमाणं व्हावी म्हणून धडपडायचे. बाबांनी चहा टाकला.

"मोशेच्या नियमात स्पष्ट आहे, बाबा. एका साक्षीदारावरून कोणाला दोषी धरायचं नाही. दोन किंवा तीन हवेत."

"मग सुटलो की. रविराज एकटाच."

"कुसाबाई दोन."

"कुसानं बिया पाह्यल्या. चोरी कुठं पाह्यली?" बाबांनी बशीत चहा ओतला. "बरं, शिक्षा काय सांगितलीय?"

"चोरलेल्या मेंढराबद्दल चारपट भरायचं. बैलाबद्दल पाचपट."

"आन् डांगराबद्दल?"

"डांगराचं... काही लिहिलेलं नाही."

"कसं लिव्हणार? वाळवंटात चाळीस वर्षं फिरला तो मोशे. त्याला काय वेल दिसला असंल?"

पाळकसाहेब हसू दाबत म्हणाले, "खोट्या साक्षीदाराचं मात्र लिहिलं आहे. न्यायाधीशांनी कसून चौकशी करायची. साक्ष खोटी निघाली, तर त्यानं दुसऱ्याचं जे करायचं योजलं होतं, तेच त्याचं करायचं."

"म्हंजी रविराजला लासलगावला माझ्या पोरीकडं धाडायचं?"

आता मात्र साहेबांना ठसका लागला. बाबांनी त्यांच्या पाठीवर थापटलं आणि विचारलं, "पर चौकशी कर म्हनलंय ना? कोणी केली?"

साहेबांनी कप खाली ठेवला. "रविराजभाऊ सेक्रेटरी आहेत. मी नवीन आहे, बाबा."

"ऱ्हाऊ द्या. मीच करतो."

उठता उठता साहेब म्हणाले, "दाविदावरही खोटे आळ आले होते. तो रडला, ओरडला, देवाला म्हणाला, आता तूच न्याय कर. आणि शांत झोपला."

"झोपला?" बाबा चहा विसरले. "वैरी दाराशी, आन् हा झोपला? कसा काय?"

"ते तेवढं लिहिलेलं नाही."

"बघा! नेमकं कामाचं तेवढंच लिव्हत नायत."

बुधवारपासून बाबांनी चौकशी सुरू केली, आणि तीही अशी की तिच्यापुढं पोलिसांनी हात जोडावेत. डांगर कोणी नेलं, हे त्यांनी कोणालाच विचारलं नाही. भेटेल त्याला ते एवढंच विचारत: "मी नेलं म्हणता ना? मग सांगा बरं, कसं नेलं असंल?" यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

कुसाबाई विचारात पडल्या. "लोळवत नेलं असंल, भाऊ. गोल तर व्हतं."

"मग जिन्याच्या तीन पायऱ्या?"

"दण दण दण. मला आवाज आल्यासारखा वाटला खरा."

"तेव्हा का नाय सांगितलं?"

"आत्ताच वाटला!"

दूधवाला अमोल म्हणाला, "सायकलच्या कॅरिअरवर, बाबा. सोपं आहे." पण बाबांकडं सायकल नव्हती. त्यावर अमोल म्हणाला, "मग माझी नेली असेल." आणि लगेच सायकलकडं संशयानं बघायला लागला.

गुरुवारी ते भाजीबाजारात गोटीरामच्या गाळ्यावर गेले. गोटीराम जुना दोस्त. त्यानं एकतीस किलो बटाटे गोणीत तोलले आणि म्हणाला, "घ्या, चोरा."

बाबांनी कंबर कसली, गोणीला मिठी मारली, येशूचं नाव घेतलं. गोणी गुडघ्यापर्यंत आली आणि बाबा बूड टेकून बटाट्यांखाली बसले. अर्धा बाजार गोळा झाला. गोटीरामनं त्यांना बाहेर ओढून काढलं.

"झालं की रे तुझं काम! सभेत मी येऊन सांगतो, याच्यानं उचलतच नाय."

"त्यांना खारीचं पटलं नाय, तुझं पटंल?" बाबा धूळ झटकत हसत होते. चार दिवसांत पहिल्यांदा हसले ते. "पर गोटीराम, खरंच रे, गेलं कुठं असंल?"

शनिवारी दुपारी ते चिंचेखाली बाजेवर पडले होते. दाविदाचं कोडं अजून सुटलं नव्हतं. खार आली, हातातून बी घेतलं, पुढच्या दोन पायांत धरून कुरतडायला लागली. बाबा बघत राहिले. ही येते हे कोणी मानत नाही. म्हणून ही यायची थांबली का? तिला त्याचं काय? आणि वर बसलेला जो आहे, त्यानं गेल्या शनिवारी त्या गोणीत पाला पाहिला. पान न् पान पाहिलं. त्याला पटवायला साक्षीदार लागत नाहीत. मग आपण एवढं पटवत कोणाला बसलोय?

"तूच बघ मग," ते मोठ्यानं म्हणाले आणि कुशीवर वळले.

चार वाजून गेले तरी बाबा हलेनात, तेव्हा कुसाबाईंनी येऊन त्यांच्या नाकापुढं बोट धरलं. "अगं बाई, जिवंत हायेत! घोरतायत की!"

रविवारी उपासना झाली. कोणी घरी गेलं नाही. पाळकसाहेब टेबलामागं, बाजूला रविराज इस्त्रीच्या शर्टात मिटिंगचं रजिस्टर उघडून. साहेबांनी आदल्या रात्री कमिटीशी बोलून मार्ग काढला होता आणि तो काढताना त्यांचा चेहराच पडला होता.

"बाबा, मंडळीला तुमचं वाईट करायचं नाही. तुम्ही फक्त कबूल करा. आम्ही सगळे क्षमा करू. दोरी तुमच्याकडेच राहील, खोलीही राहील. नाही केलं, तर मग..."

"लासलगाव," बाबा म्हणाले.

"हो."

कुसाबाई मागून कुजबुजल्या, "म्हना की हो, भाऊ! एवढं खोटं बोललात जन्मभर, त्यात आणखी एक!"

बाबांनी वर छताकडं पाहिलं, जिथून दोरी खाली येत होती. मग लोकांकडं. मग त्यांच्या तीन दातांत ते जुनं हसू उमटलं.

"कबुली पायजे ना? मग पुरती घ्या. अर्धीमुर्धी मला जमत नाय. रविराज, लिव्ह."

रविराजनं पेन उघडलं.

"शनिवारी घंटा दिली आन् आत शिरलो. डांगराला म्हनलं, चल बाबा. ते म्हनलं, माझ्यानं चालवत नाय. मग लोळवलं. तीन पायऱ्या, दण दण दण, कुसाला इचारा. भायेर अमोलची सायकल उभी. कॅरिअरवर चढवलं, तर दोन्ही चाकं पुऱ्यांवानी चपटी. म्हनून पुन्ना लोळवलं. तर ते उताराला लागलं की हो! मी मागं, ते म्होरं. द्राक्षबागेतून गेलं, चार कुत्रे त्याला वाट द्यायला बाजूला झाले, आन् धपकन कालव्यात!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण कान टवकारलेले होते.

"बुडालं?" अमोलनं न राहवून विचारलं.

"बुडतंय कशाला? तरंगलं. मी त्यावर मांडी घालून बसलो आन् दोन्ही हातांनी वल्हवत आलो, धारेच्या उलटं. बायका धुणं टाकून बघत व्हत्या. एकीनं नमस्कारबी केला. घरी आनलं. विळीनं काय व्हतंय? करवत घेतली. दोन तास करवतलं, आन् मग ते उघडलं."

बाबा थांबले. रविराजचं पेन केव्हाच थांबलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि ते बाबांच्या नजरेला पडलं. बिचारा, त्यांना वाटलं. ह्याचंही फळ गेलंच की. दोन महिने रोज फोटो काढले पोरानं. निदान त्याला बरं वाटेल असं काहीतरी घालावं गोष्टीत.

"काय सांगू मंडळी, आत काय व्हतं! निव्वळ केशर. खव्यासारखा गर, एक डाग नाय, एक काळा ठिपका नाय. मला रडू आलं. मी म्हनलं, असं निर्मळ फळ निर्मळ मनाच्या माणसाच्याच वेलाला धरतं. ही आपल्या रविराजच्या हाताची..."

"खोटं!"

रविराज उभा राहिला होता. खुर्ची मागं पडली, रजिस्टर खाली गेलं. त्याचा आवाज फाटला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"बस करा, बाबा, खोटं आहे ते! कसलं केशर? शनिवारी रात्री खालून बोट रुतलं म्हणून मी विळी घातली, तर मनगटापर्यंत अळ्या आल्या माझ्या हातावर!"