सायखेड्याच्या डासांची पेटी

मी एक जुनी, जाळीची पेटी आहे, मित्रांनो. नाशिकच्या एका कॉलेजात डास सांभाळते. हसू नका. मला बनवताना सुतारही हसला होता. "लोक डास बाहेर राहावेत म्हणून जाळी लावतात, अन् ही बाई आत राहावेत म्हणून लावती!"

ही बाई म्हणजे सायखेड्याची हर्षाली. तिची आई डेंग्यूने गेली. त्यानंतर तिने घरच्या रांजणातून डासांची अंडी आणली, माझ्यात त्यांचा वंश वाढवला आणि अभ्यास मांडला. वडिलांनी रागाने तो रांजण फोडला. तेव्हापासून त्या घरच्या डासांचा वंश फक्त आमच्याकडेच उरला.

यंदा राखीव अंड्यांना बुरशी लागली. राहिल्या माझ्यातल्या चाळीस कोवळ्या, अजून जोडी न जमवलेल्या माद्या. त्यांचे नर शेजारच्या पेटीत, लाल खोळीखाली. पलीकडे हिरव्या खोळीखाली दुसऱ्या जातीचे, बागेतले नर. अंगावर दोघांच्याही काळे-पांढरे पट्टे. पाठीवरची नक्षी तेवढी वेगळी. दमट हवेत पेट्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या सुटायच्या, म्हणून खोळीचा रंग हीच खूण.

आमच्याकडे झाडलोट करतात सुमनबाई. घट बसण्याआधी घरात एक चिंधी मळकी राहू द्यायची नाही, ही त्यांची रीत. आणि आम्हीही त्यांचं घरच. त्यांनी खोळी धुतल्या, वाळवल्या, पेट्यांवर चढवल्या. फक्त लालच्या जागी हिरवी गेली आणि हिरवीच्या जागी लाल.

दुसऱ्या दिवशी हर्षालीने घाईत लाल खोळीखालचे नर माझ्यात सोडले.

आठवड्याने त्यातले काही मरून पडले. तिने भिंगाखाली धरले. पाठीवर एकच पांढरी रेघ. बागेतले!

"सुमनमावशी, खोळी तुम्ही धुतल्या?"

"हो मंग! लय कळकट झाल्या व्हत्या."

हर्षालीने सगळं सांगितल्यावर सुमनबाई म्हणाल्या, "मंग आता खरे नर सोड ना, पोरी. दिसायला तं सगळे भाऊभाऊच हायेत."

"दिसायलाच, मावशी. यांच्यापासून पिल्लं होत नाहीत. आणि मादी दुसऱ्यांदा जोडी जमवत नाही."

तरी तिने खरे नर सोडले. माझ्या माद्यांनी त्यांना लाथांनी झिडकारलं. मग त्यांनी ओल्या कागदावर अंडी घातली, मोहरीहून बारीक, काळी, दिसायला धडधाकट. सुमनबाई रोज पाण्यात वाकून बघायच्या. "एखादं तरी फूट रे बाबा."

एकही फुटलं नाही.

शेवटची मादी परवा गेली. हर्षाली आता ओरडणार, म्हणून सुमनबाई दाराशीच थांबल्या. ती ओरडली नाही. "यांच्या वंशातली पहिली माझ्या आईचं रक्त प्यायली असेल, मावशी," एवढंच म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, घर धुवा, खुशाल धुवा. पण कुणाची खूण हलवण्याआधी त्याला एकदा विचारा. दोन सारखे दिसणारे जीव एकच असतात, असं धरून चालू नका.

माझ्या जाळीवर त्या माद्यांनी रक्त पिऊन सोडलेले तांबूस ठिपके अजून आहेत. सुमनबाई सकाळी ओलं फडकं घेऊन येतात, माझ्यापाशी थांबतात, आणि तशाच पुढच्या पेटीकडे जातात.