न हललेला बसथांबा

मित्रांनो, मी एक जुना बसथांबा आहे आणि गेल्या महिन्यात मला चारशे मीटर पुढे, उड्डाणपुलापलीकडे हलवण्यात आलं. आता हे वाक्य विसरा. मीही विसरलोय. मी इथेच उभा आहे.

माझा संसार लहान: एक खांब, वर पत्रा, खाली तिघांचं बाकडं. त्यावर पाचजण बसतात आणि सहावा ‘जरा सरका’ म्हणतो. पहिल्या वर्षी मला रंग लागला, कौतुक झालं. मग पत्रा गळू लागला. गळतो तिथे लोक उभे राहत नाहीत, एवढीच त्याची दुरुस्ती झाली.

माझ्या शेजारी चप्पलवाले काका बसतात. दुपारपाळीला मावशी येतात. त्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. डावा गुडघा गेलेला. थांबा पुलापलीकडे गेला की मावशींची नोकरी गेली, इतका सरळ हिशेब.

पुढे वरून हुकूम सुटला, वाहतूक लोकांना विचारून सुधारा. म्हणून नोटीस आली: ‘थांबा हलवण्याबाबत सुनावणी. सकाळी अकरा. सभागृह.’ चिकटवणाऱ्याने ती नेमकी माझ्या वेळापत्रकावर डकवली. तिथे माणसं वेळ बघतात आणि ठिकाण बघतात, बाकीचं कोण वाचतो? सगळ्यांना वाटलं, सभागृहाकडे जाणारी अकराची नवी बस सुरू झाली.

त्या दिवशी माझ्याकडे चाळीसजणांची रांग. सभागृहात वाहतूक कार्यालयाचे साहेब एकटे. तासभर वाट पाहून त्यांनी ‘कोणाचीही हरकत नाही’ असा कागद वर धाडला आणि गॅसकटरवाल्याला घेऊन मला कापायला आले.

“ही रांग कसली?”

“अकराच्या बसची,” मावशी म्हणाल्या.

“अहो, ती सुनावणी होती. सभागृहात.”

“मग तिकडे जायला बस कुठली?”

“तिकडे बस जात नाही.”

रांग हलेना.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “आम्ही सगळे आलोय, तुम्हीही आलात. घ्या इथेच सुनावणी.”

“पण नवा थांबा फक्त चार मिनिटांवर आहे, मावशी.”

काकांनी चपलेतून मान वर काढली. “साहेब, तुमच्या बुटाचा तळ कोरा करकरीत आहे. चार मिनिटं कोण चाललं?”

साहेबांनी वहीत पाहिलं. वहीत चालणाऱ्याचं नाव नव्हतं.

मावशींनी आपली पिशवी त्यांच्या हातात दिली. “चला. माझ्या पायांनी.”

दोघं गेले. पुलाचा जिना चढा, सहापदरी रस्ता ओलांडा, पुन्हा जिना उतरा. जाऊन यायला पन्नास मिनिटं लागली. साहेब परत आले ते थेट बाकड्यावर बसले, सहावे. गॅसकटरवाल्याला म्हणाले, “तू जा.”

कागद मात्र वर पोचला होता. वर गेलेला कागद खाली येत नाही. त्यामुळे दफ्तरी मी आजही पुलापलीकडे आहे आणि तिथे माझी देखभाल चोख चालते म्हणे.

मित्रांनो, थांब्याची काळजी घ्या. तो कुठे हवा हे त्याच्यावर ताटकळणाऱ्यांना विचारा. आणि कार्यालयास सविनय विनंती: यापुढे मला हलवण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ते अंतर भरल्या पिशवीसह व मावशींच्या डाव्या गुडघ्यासह चालून दाखवावे. गुडघा उपलब्ध नसल्यास तो कार्यालयाने पुरवावा. पोच मिळावी. पत्ता तोच, जुना.