बिनदोऱ्याची भेंडी

हसनाबादच्या चतुराबाईच्या शेतात वीस गुंठे भेंडी उभी होती आणि तिच्या चुलीवर एकही भेंडी शिजत नव्हती. पंच्याण्णव साली तिनं नि नवऱ्यानं जालन्याच्या एका बियाणे कंपनीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला होता. संध्याकाळी कळीतला नर काढायचा, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याच्या भेंडीचं बी कंपनीचं, पैसे मिळायचे ते त्याचेच. बिनदोऱ्याची, आपोआप धरलेली भेंडी तोडून नष्ट करायची. खायची एकही नाही, आणि परसात स्वतःची लावायची तर बातच नको.

"काकू, शेत तुमचं, पाणी तुमचं. तुम्ही एकदम मोकळ्या," कंपनीचा सुपरवायझर साहेबराव म्हणायचा. "फक्त तेवढे नियम बराबर पाळा." माणूस गोड होता. 'फक्त' तर फारच गोड म्हणायचा.

तेवढ्यात लेक प्रभावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अन्नावरची वासनाच उडालेली. मागायची ती एक भेंडी. बाजारातली आणली, ती जून निघाली. पोर दोन घास खाऊन उठली आणि चतुराबाईचा जीव तुटला.

रात्रभर तिनं विचार केला. नष्ट करा म्हणतात, पण कुठं करा ते कुणी सांगितलेलं नाही. सकाळी ओटीभर बिनदोऱ्याची भेंडी आणली आणि कढईत नष्ट करायला घेतली. लसणाचा वास रस्त्यापर्यंत गेला, आणि वासामागून साहेबराव दारात आला.

जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला उपाशी कसं लावून द्यायचं? तिनं ताट वाढलं. भेंडी कुठली ते त्याला पहिल्याच घासाला कळलं. तो क्षणभर थांबला, मग दुसरा घास घेतला.

"कंपनीला नष्ट झाल्याशी मतलब," ताट पुसत तो म्हणाला. "पण काकू, उद्यापासून माझ्या समक्ष व्हायला पायजे."

झालं! रोज दुपारी साहेब हजर. नियमाला इतका पक्का माणूस गावानं पाहिला नव्हता. तो उठायचा तेव्हा कढईत नुसता मसाला उरलेला असायचा.

"आई, साहेबाचं झालं का जेवून?" प्रभावतीनं एकदा आतून हळूच विचारलं. चतुराबाईला एवढी लाज वाटली की तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबराव खूश होऊन जेवत होता. "आजची लई कोवळी हाये, काकू."

चतुराबाईनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर लाल दोरे त्याच्या ताटाशी ठेवले.

"कोवळीच असंल. तुमच्या कंपनीची हाये. बिनदोऱ्याची मी पोरीला वाढली."

साहेबरावाचा घास हातातच राहिला. "अहो काकू, हे नियमात न्हाई!"

"मंग कंपनीला कळवा. कुणाच्या समक्ष नष्ट झाली तेबी सांगा."

त्या भेंडीबरोबर आपलेही पैसे गेले, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, "अजून वाढू का?"

आत प्रभावतीनं दुसरी भाकरी मागितली.