चेहरा येईपर्यंत

तिने माऊस दाबून धरला आणि पडद्यावरच्या पट्टीवरची छोटी खुंटी डावीकडे ओढायला सुरुवात केली. मधल्या खुणेवर हात जरा थांबला. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांकडे कंपनीची माणसं खुंटी त्या खुणेवर सोडून येत. तिने मागे वळून पाहिलं. सर खुर्चीत बसल्या बसल्या पायाने जमिनीवर ठेका धरत होते, लवकर कर, लवकर कर, असा. तिने खुंटी थेट डाव्या टोकाला नेऊन भिडवली, ती चौकट बंद केली आणि पुन्हा कोणाला उघडता येऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने एक पासवर्ड घालून टाकला.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"झालं, सर. बघा आता."

फोनची तार तीच होती. मोडेमचं किंचाळून किंचाळून जोडलं जाणंही तेच. पण बातम्यांचं जे पान उघडेपर्यंत सर घरात एक चक्कर मारून येत, ते यावेळी चुटकीसरशी समोर आलं. सर खुर्चीतून अर्धे उठलेच.

"वा! तार बदलून टाकलीत की काय?"

"नाही सर. तारेचा वेग होता तेवढाच आहे. आमच्याकडचं मशीन पान घडी घालून पाठवतं, हा प्रोग्राम इथे ती घडी उलगडतो. एकदा पाहिलेलं पान तो इथेच ठेवून घेतो, म्हणजे पुन्हा मागवायला नको. तुम्हाला वेग वाढल्यासारखं वाटतं, इतकंच."

"वाटलं तरी पुष्कळ आहे," सर म्हणाले. "मला हळू चालणारं काही बघवत नाही."

ते मला ठाऊक आहे, असं ती म्हणाली नाही. सामान आवरता आवरता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओळखलंत का सर? मी तुमच्या वर्गात होते. सातवीत."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "असशील, असशील. शेकड्यांनी पोरं गेली हाताखालून. कोणाकोणाला लक्षात ठेवायचं?"

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता, आणि तिला तेच जास्त झोंबलं.

सर गणित शिकवत. नाव मोठं होतं त्यांचं. फळ्यावर गणित लिहायचं, एकाला उभं करायचं आणि लगेच चुटक्या वाजवायला लागायचं. हळूहळू सगळा वर्ग चुटक्या वाजवायचा. तिला उत्तर येत नसे असं नाही. यायला जरा वेळ लागे. ते ओठांपर्यंत पोचायच्या बेतात असतानाच सर "बस खाली" म्हणत आणि मागच्या बाकावरचा एखादा आगाऊ पोरगा तेच उत्तर सांगून शाबासकी घेऊन जाई. वर्षाच्या शेवटी सरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि तिच्या देखतच सांगितलं, "मुलगी गुणी आहे, पण मंद आहे. उगाच गणिताच्या वाटेला घालू नका." वडिलांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. वाईट इतकंच की तिनेही मानलं. पुढची कित्येक वर्षं ती डोक्याने अधू असल्यासारखी वागली. टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला लागली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, तुमची समज चांगली आहे, तर हे आपली टर उडवताहेत असं समजून ती घरी येऊन रडली होती. आडवाटेने शिकत शिकत ती आता या इंटरनेट कंपनीच्या तांत्रिक विभागाची प्रमुख झाली होती. तरीही मीटिंगमध्ये कोणी उत्तरासाठी तिच्याकडे पाहिलं की तिची जीभ टाळ्याला चिकटे आणि कानात चुटक्या वाजायला लागत.

म्हणूनच, नवा प्रोग्राम मागणाऱ्या गिऱ्हाइकांत सरांचं नाव कानावर आलं तेव्हा तिने मेकॅनिकला बसवून ठेवलं आणि म्हणाली, मी जाते. प्रोग्राम कशाला हवा हे सरांनी फोनवरच सांगितलं होतं. मुलगा परदेशात होता. तिथेच जन्मलेल्या नातीला सरांनी अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मुलगा तिचे फोटो पाठवायचा आणि ते उघडता उघडत नसत.

अक्षरांची घडी घातली तर ती जशीच्या तशी उलगडते, त्यांना काही होत नाही. फोटोचं तसं नाही. फोटो हलका करायचा तर त्यातलं काहीतरी टाकूनच द्यावं लागतं, आणि किती टाकायचं ते ती खुंटी ठरवते. उजव्या टोकाला फोटो संथपणे येतो, पण पापणीचे केस मोजून घ्यावेत असा येतो. डाव्या टोकाला तो क्षणात येतो आणि ठिगळं लावल्यासारखा दिसतो. कपाळाचं एक ठिगळ, गालाचं एक, आणि डोळ्यांच्या जागी दोन मळकट डाग. पोरगी आहे इतकं कळतं. कोणाची आहे हे देवालाच ठाऊक.

तिला काही लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगा, मजा वाटली. पुढचे काही महिने कामात मधूनच आठवण होई, आता सर पडद्याला नाक लावून बसले असतील, आणि ती स्वतःशीच हसे. जेवणाच्या सुट्टीत तिची मैत्रीण म्हणाली सुद्धा, हल्ली फार खुशीत असतेस, लग्नबिग्न ठरवलंस की काय.

मग एके दिवशी सरांच्या बायकोचा फोन आला.

"एकदा येऊन जाता का हो? बिघडलंय काहीतरी."

"मशीन बिघडलंय का काकू?"

"मशीन कसलं, हे बिघडलेत."

ती लगबगीने गेली. आपण लावलेल्या झाडाला फळ कसं धरलंय ते बघायची तिला घाई झाली होती. काकूंनी भिंतीला हात लावत लावत येऊन दार उघडलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मला माणूस आणि कपाट सारखंच दिसतं, फक्त कपाट बोलत नाही, असं सांगून त्या हसल्या.

सर मशीनसमोर बसले होते, पण मशीन बंद होतं. पाय जमिनीवर नुसते टेकलेले होते. तिला पाहून त्यांनी नेहमीसारखी घाईही केली नाही.

"बस," ते म्हणाले. "तुला उगाच बोलावलं हिने. मशीन उत्तम चालतंय. मलाच दिसेनासं झालंय."

"डोळे तपासलेत का सर?"

"दोन डॉक्टरांकडून. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली मी. पेपर वाचतो, बिनचूक वाचतो. अक्षरं दिसतात. चेहरे दिसत नाहीत. नातीचा फोटो उघडतो आणि बघत बसतो. केस कळतात, फ्रॉक कळतो. चेहरा जमतच नाही." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "म्हणजे दोष डोळ्यांत नाही, इथे आहे. डोकं मंद झालं माझं."

तो शब्द त्यांनी स्वतःबद्दल इतक्या साधेपणाने वापरला की तिने मान खाली घातली.

"भिंतीवरचे हे जुने फोटो?" तिने विचारलं.

"ते पाठ आहेत मला. नवं माणूस डोक्यात शिरत नाही. आता तूच बघ. तू म्हणालीस ना, मी तुमच्या वर्गात होते? त्यानंतर मी किती आठवून पाहिलं. चेहरा सापडलाच नाही तुझा."

काकू दारातून म्हणाल्या, "मुलगा तिकिटं काढतोय आमची. त्याच्याकडे या म्हणतोय. आज संध्याकाळी फोन यायचाय त्याचा, तर हे म्हणतात, नाही म्हणून सांगणार."

"तिथे जाऊन काय करू?" सर एकदम चिडले. "शाळा सुटेल, पन्नास पोरी बाहेर येतील आणि मी आपला दारात उभा, माझी कोणती ते न कळता. पोर काय म्हणेल? आजोबा आले आणि ओळखत नाहीत?"

ते खिडकीकडे बघायला लागले.

उट्टं निघालं होतं. इतक्या वर्षांचं, व्याजासकट. तिला वाटलं होतं, या क्षणी छाती कशी भरून येईल. तसं काही झालं नाही. आपल्या डोक्यात काहीतरी कमी आहे, असं मनात घेऊन माणूस कसा बसतो, कसा हळूहळू एकेका गोष्टीला नाही म्हणत जातो, ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिला बोचवायचं होतं. माणूस असा आडवा करायचा नव्हता.

माफी मागायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही. खुंटी सरकवायची, नात दाखवायची आणि निघायचं, इतकंच तिने ठरवलं.

"उठा सर, मला जरा बसू द्या."

तिने मशीन सुरू केलं, मोडेम जोडला, पासवर्ड घातला. खुंटी उजव्या टोकाला नेली. आधीचे साठवलेले फोटो पुसून टाकले, नाहीतर तेच मळके पुन्हा समोर आले असते. मग मुलाने पाठवलेला शेवटचा फोटो उघडला आणि सर नीट पाहू शकतील अशी बाजूला सरकली.

फोटो वरून खाली यायला लागला. आधी नातीच्या मागच्या खिडकीच्या पडद्याची झालर. मग केस. केसांत एक लाल चाप होता, त्याचा एकेक दात दिसत होता. असं काही या मशीनवर कित्येक महिन्यांत उमटलं नव्हतं.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. केस," सर म्हणाले. त्यांचा पाय हलायला लागला होता. "अडकलं वाटतं."

"येतंय, सर."

कपाळ आलं. मग भुवईची वरची कड.

"किती वेळ?"

"थोडा लागेल. थांबा."

"पूर्वी असं नव्हतं. पटकन यायचं. तू काहीतरी करून ठेवलंस." सरांनी वाकून तिच्या हाताखालून माऊस ओढून घेतला आणि खाट्कन फोटो बंद केला. चाप, कपाळ, भुवई, सगळं गेलं. "असलं रखडत आलेलं मला नको. होतं तसं करून दे."

दोन शब्द पुरले असते. आणखी जरा थांबा, डोळे येताहेत. ते शब्द आज तिच्या जिभेवर अगदी तयार होते, चिकटले बिकटले नव्हते. तिने सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते, रिकाम्या पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा पाय थांबत नव्हता.

"बरं, सर," ती म्हणाली.

तिने खुंटी डाव्या टोकाला नेली, पासवर्ड घातला आणि फोटो उघडला. तो क्षणात आला.

"हां. आता कसं!" सर म्हणाले. मग ते खुर्चीत बसले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, आणि त्या दोन मळकट डागांमध्ये काहीतरी शोधत राहिले.

तिने पिशवी उचलली. निघता निघता काहीतरी आठवून ती परत वळली आणि तिने मोडेमची जोडणी तोडली.

"मुलाचा फोन यायचाय ना?" ती म्हणाली. "हे चालू असलं की लाइन लागत नाही. मोकळी करून ठेवली आहे."

बाहेर पायरीवर बसून तिने एक बूट घातला. दुसरा घालताना आत फोन वाजला. ती नाडी बांधत राहिली. फोन उचलला गेला, काकू काहीतरी म्हणाल्या, मग सरांचा आवाज आला, "नको रे, राहू दे ती तिकिटं." नाडी नीट बांधून झाली होती. तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली, आत फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत.